शंभूचा भाकरीचा डबा

शंभू मला पहिल्यांदा नीट दिसला तो दुसऱ्याच्या डब्यात हात घालताना. माकणीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा मी चौथीला शिकवत होतो. दुपारी शाळेची खिचडी असायचीच, पण काही पोरं घरचा डबाही आणत आणि व्हरांड्याच्या टोकाला गोल करून बसत. त्या गोलात एक किडकिडीत पोरगा होता. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र डग्ग्यासारखं. तो शेजारच्या सुगतच्या डब्यातून भाकरी उचलत होता. मी रागवायला म्हणून जवळ गेलो, तर सुगत शंभूच्या डब्यातली तूप लावलेली पोळी गुंडाळून, डोळे मिटून खात बसलेला.

"काय चाललंय रे?"

"बदली, गुरुजी," सुगत घास न गिळताच म्हणाला.

शंभूनं भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवला. "पोळी खाल्ली की माझं पोट दुखतंय. ह्येनं खाल्ली की दुखत न्हाय."

"अरे, पोळी त्यानं खाल्ली तर तुझं कसं दुखेल?"

"म्हनूनच त्येला देतो," शंभू म्हणाला.

या उत्तरात चूक काढता येईना. मी माघारी फिरलो.

शंभूचे वडील रामहरी हे गावातले बरे बागाईतदार. धरणाच्या कालव्यावर भिजणारी जमीन, घरात गव्हाची थप्पी. आमच्या भागात भाकरी रोजची आणि पोळी मानाची; सणाला, पाहुण्याला. रामहरींच्या घरी रोजच पोळी व्हायची, आणि त्याचा त्यांना साधासा अभिमान होता. त्यात एकुलतं पोरगं वाळत चाललेलं. पोरगं वाळतंय म्हणून आई आणखी पोळ्या घालायची, आणि आई पोळ्या घालायची म्हणून पोरगं आणखी वाळायचं. व्हरांड्यातली बदली नसती तर शंभू सातवीपर्यंत टिकला असता का, कोण जाणे. सुगत मात्र त्या बदलीवर चांगला गुटगुटीत झाला.

पुढं शंभू डिप्लोमाला सोलापूरला गेला. तिथं मेसमध्ये बदली करायला सुगत नव्हता. एक दिवस पोरगं वर्कशॉपमध्ये चक्कर येऊन पडलं. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, पोटात नळी घालून आतडं बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हातलं ग्लुटेन नावाचं जे असतं ते याच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, सातू, सगळं बंद. थोडंसुद्धा नाही. जन्मभर.

रामहरी परत आले ते सरळ माझ्या घरी. खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गुरुजी, एवढ्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एवढ्या तपासण्या केल्या. आन डाक्टरनं लिहून काय दिलं, तर भाकरी."

"बरं झालं की. भाकरी घरचीच आहे."

"ते खरं हाय," रामहरी म्हणाले. "पण भाकरी लिहून द्यायला माकणीचा मानूस सोलापूरला न्यायचा म्हंजी…" आणि ते हसायलाच लागले. इतकी वर्षं पोराच्या अंगाला का लागत नाही याची फिकीर त्या हसण्यातून बाहेर पडत होती, म्हणून मीही त्यांना हसू दिलं.

वर्षाच्या आत शंभू ओळखू येईना. उंची वाढली, गाल भरले, अडलेली मिशी एकदम फुटली. पोट दुखत नसणं म्हणजे काय, हे त्याला विशीला टेकल्यावर पहिल्यांदा कळलं, आणि ते कळल्याचा आनंद आजतागायत उतरलेला नाही. तो कशालाही हसतो. गल्लीत शिरला की आधी हसू येतं, मग मोटारसायकलचा आवाज येतो.

सुगतनं तोवर वडिलांची पिठाची गिरणी हाती घेतली होती. गिरणीत गव्हामागून ज्वारी टाकली, की आत राहिलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं. गावातल्या बायका मुद्दाम गव्हाच्या मागचा नंबर धरतात. चार मुठी गहू फुकट मिळतो आणि भाकरी मऊ होते. शंभूला तेच नको. म्हणून सुगत सोमवारी सकाळी आधी गिरणी झाडून घ्यायचा, थोडी ज्वारी नुसतीच दळून काढायचा, ती म्हशीला घालायचा आणि मग शंभूचं दळण टाकायचा. गव्हाचं पोतं घेऊन कुणी बाई दारात आली की म्हणायचा, "मावशे, थांब. लहानपणी ह्याच्या लई पोळ्या खाल्ल्यात म्या. फेडतोय."

शंभूला सौर पंप बसवायचं काम मिळालं. आज भूम, उद्या कळंब, परवा बीड, कधी गुलबर्ग्याकडची गावं. गाडीला मागं पत्र्याचा डबा बांधलेला. डबा मूळचा बिस्किटांचा. आईनं राख लावून इतका घासला, की वरचं चित्रही गेलं. त्यात आईच्या हातच्या कडक भाकऱ्या. पापडासारख्या पातळ थापून खरपूस वाळवलेल्या या भाकऱ्या महिनाभर राहतात आणि मोडताना कडाड वाजतात. सोबत शेंगाची चटणी आणि गूळ.

पण डबा असून भागत नाही. पंप सुरू होऊन शेतात पाणी पडलं, की मालक जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि पंप बसवणाऱ्या साहेबाला भाकरी कशी वाढायची? भूमजवळच्या एका वस्तीवर चुलीवर टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी बघून शंभू खूश होऊन बसला, तर घरची बाई परात घेऊन बाहेर पळाली. शेजारणीकडं गव्हाचं पीठ उसनं आणायला. शंभू तिच्यामागं पळाला.

"मावशी, थांबा. भाकरीच पायजे मला."

"असं कसं? पाव्हणं तुमी. लोकं काय म्हनतील?"

"लोकांला बोलवा. त्यांच्यासमोर खातो."

शेवटी त्या बाईनं भाकरी वाढली, पण दार लावून घेऊन. कुणी बघायला नको. मग शंभूनं आमटीत हिंग आहे का विचारलं, कारण डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ती म्हणाली, "आता हिंगाचं कुनाला सांगू नका, पन संपलाय." शंभू म्हणतो, त्याच्या जन्मात एवढं चांगलं जेवण झालं नाही.

कंपनीनं त्याला दिल्लीला प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा आईनं डबा काठोकाठ भरून दिला. तिथं जेवणात रोटी, नाष्ट्याला पराठा, चहासोबत समोसा. शंभूनं वरणभात धरला आणि संध्याकाळी डबा उघडला. खोलीतल्या पंजाबी पोरांनी कडाड आवाज ऐकला आणि काय आहे म्हणून हात पुढं केले. दोन-चार दिवसांतच सुगतला फोन आला.

"डबा संपला."

"एवढा खाल्लास?"

"म्या न्हाय. पंजाबनं खाल्ला."

सुगतनं आणखी भाकऱ्या रेल्वे पार्सलनं पाठवल्या. पोचेपर्यंत त्यांचा चुरा झाला. पोरांनी तो दह्यात कालवून चमच्यानं खाल्ला आणि हा महाराष्ट्रातला खास पदार्थ कसा करतात, असं विचारलं. "रेल्वेनं," शंभू म्हणाला.

असं सगळं आनंदात चाललं होतं, आणि मग लग्नाचं बघायला सुरुवात झाली.

आमच्याकडं मुलगी बघायला गेलं की चहा-फराळ होतो, जेवण होत नाही. एकमेकांचं अन्न खाल्लं की सोयरीक झाली, असा हिशेब. पण समोर आलेल्या फराळाच्या बशीला हातच लावला नाही, तर त्याचाही अर्थ एकच: मुलगी पसंत नाही. आणि बशीत काय असतं? शंकरपाळी, रव्याचा लाडू, शेव घातलेले पोहे आणि त्यावर हिंगाची फोडणी. शंभू हात जोडून नको म्हणायचा, आणि मुलगी बाहेर यायच्या आधीच घरातून भांड्यांचा आवाज वाढायचा.

या सगळ्या फेऱ्यांना सुगत गाडी चालवायला आणि मी वडीलधारा म्हणून असे. सोयरीक जुळवण्याचं काम शंभूची आत्या कडूबाई करत असे. कडूबाई तेरखेड्याला दिलेल्या. त्यांचा आवाज मोठा आणि रीतिभाती सगळ्या पाठ. उमरग्याकडच्या एका घरी त्यांनी डोळे वटारले म्हणून शंभूनं मुकाट्यानं शंकरपाळी खाल्ली. परतीच्या वाटेवर सुगतनं गाडी कुठं कुठं थांबवली आणि शंभू कोणकोणत्या बाभळीमागं गेला, ते सांगत नाही. त्या घरून होकार आला. शंभूनं स्वतः फोन करून खरं सांगितलं. होकार माघारी गेला.

रामहरी वैतागले. "लग्न झाल्यावर सांगू की. आधीच रोगाचं नाव कशाला काढायचं?"

"आण्णा, लग्नाच्या पयल्या पंगतीतच कळंल."

"मग तुला पायजे तरी काय?"

शंभू त्या दिवशी हसत नव्हता. "बायकू पायजे. आन आपलं सोडून दुसरं एक घर पायजे, जिथं म्या डबा न नेता जेवंन. सासरवाडीला जायचं आन काखंत डबा मारून जायचं, असं नगं."

माणसाला जमीन हवी असते, गाडी हवी असते. याला एक ताट हवं होतं.

मग कडूबाईंचा फोन आला. वाशीत एक मुलगी आहे, अर्पिता. घर चांगलं, बाजारपेठेत बापाचं मोठं दुकान. कसलं दुकान ते त्यांनी सांगितलं नाही. धाराशिव, येडशी, येरमाळा करत आम्ही वाशीत पोचलो, आणि सुगतनं गाडी उभी केली ती बेकरीसमोर. भाजलेल्या खारीचा वास गाडीत शिरला. सुगतनं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. त्याचे खांदे हलत होते.

"कडू," रामहरी हळू आवाजात म्हणाले, "अख्ख्या वाशीत दुसरं दुकान मिळालं न्हाय का तुला?"

"भांड्याचं होतं," कडूबाई म्हणाल्या. "पण तिथं पोरगी न्हवती."

मुलीचे वडील बलभीम म्हणजे थोराड माणूस, भुवयांपर्यंत मैद्यानं पांढरे झालेले. घर बेकरीच्या मागंच. त्यांनी आम्हाला बसवलं आणि स्वतःच ट्रे घेऊन आले. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल. हाताचं काम दाखवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"घ्या पाव्हणं. खारी बघा, पदर मोजून घ्या."

"काका, दिसायलाच लई झकास हाय," शंभू म्हणाला. "पण मला गहू चालत न्हाय."

"आज पोट बरं न्हाय त्येचं," कडूबाई घाईनं म्हणाल्या.

"आज न्हाय, आत्या. जन्मभर." आणि शंभूनं डॉक्टर, आतडं, ग्लुटेन, सगळं सरळ सांगून टाकलं. बलभीमांच्या हातातला ट्रे तसाच राहिला. आतल्या दाराशी त्यांची बायको सिताबाई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. रामहरी छताकडं बघू लागले.

तेवढ्यात अर्पिता चहा घेऊन आली. तिनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. पोरगी ठेंगणीशी, हुशार डोळ्यांची. कप ठेवता ठेवता तिनं सरळ शंभूलाच विचारलं, "मग तुमी चहासंगं काय खाता?"

"भाकरी."

"चहासंगं?"

"कडक हाय. गाडीत डबा हाय माझा."

"आणा बघू."

शंभू वाऱ्यासारखा गेला आणि डबा घेऊन आला. अर्पितानं भाकरी उचलली, कानाजवळ नेली आणि मोडली. कडाड. "टोस्ट भाजला का न्हाय, ते आमी आवाजावरनं वळखतो," ती म्हणाली. "ही आमच्या टोस्टाच्या वर गेली, दादा." हे ती वडिलांना म्हणाली. मग तिनं तुकडा चहात बुडवला आणि खाल्ला.

कडूबाईंची बशी ओठाशी थांबली.

"पोरीनं अन्न खाल्लं," त्या म्हणाल्या.

"कुनाचं?" बलभीमांनी विचारलं.

"आमचं."

"अगं बया," दारातून सिताबाई.

"भाकरीचा तुकडा हाय वो," बलभीम म्हणाले. "त्येला अन्न कसं म्हनता?"

"मग भाकरी म्हंजी काय फराळ हाय का? गुरुजी, तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "भाकरी हे अन्नच आहे." दुसरं काय म्हणणार?

अर्पिता खाली बघत होती, पण तोंड चालूच होतं. तिनं दुसरा तुकडा मोडला. "खाल्लंच हाय, तर मग चटनी तरी द्या," ती म्हणाली. शंभूला हसू आवरेना आणि त्याचं बघून सिताबाईंना.

बलभीम मात्र हसले नाहीत. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि बापानं विचारायचं ते विचारलं. "पुढं लेकरांना होईल का हे?"

"होऊ शकतं," शंभू म्हणाला. "तपासून घ्यावं लागंल. औषध एकच, गहू सोडायचा. माझ्याकडं बघा. वाळलेला दिसतो का?"

बलभीमांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाय," ते म्हणाले. "रविवारी जेवायला या. भाकरीच करू. मग बोलू."

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा शंभूनं डबा घरी ठेवला होता. रस्ताभर तो गाणी म्हणत होता, आणि गाणं येत नसेल तिथं शिट्टी मारत होता. वाशीत सगळी तयारी चोख होती. नवी ज्वारी, वेगळी दळून आणलेली. वांग्याची भाजी, पिठलं, हिंगाचं नाव नाही. बलभीम अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून बसले होते. मैदा नसला की त्यांच्या भुवया काळ्या आहेत हे आम्हाला कळलं. शंभू भाकरीवर भाकरी मागत गेला. सिताबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. सुपारी जवळजवळ फुटलीच होती. पुढचं बोलायला कडूबाई येत्या आठवड्यात येतील, असं ठरवून आम्ही निघालो.

येरमाळ्याच्या अलीकडं शंभू म्हणाला, "सुगत, गाडी घे बाजूला."

तो झाडामागून आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या सीटवर आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "भाकरी मात्र लई मऊ होती."

सुगतनं वळून बघितलं. "मऊ? ज्वारीची? किती मऊ?"

"लोण्यासारखी."

गिरणीवाल्याला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. इतक्यात सुगतच्या खिशातला फोन वाजला. अर्पिता होती. शंभूला लावला तर उचलत नाही, पोचलात का, म्हणून विचारत होती. "पोचलो न्हाय," सुगत म्हणाला. "शंभू झाडामागं जाऊन आलाय." मग तिचा आवाज आला, फोनवर नव्हे, घरात: "आई, भाकरी थापताना खाली काय टाकलंस?"

"पीठ की," सिताबाईंचा आवाज.

"कोन्त्या डब्यातलं?"

पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर कळलं ते असं. त्या घरात चुलीच्या उजव्या हाताला लग्न होऊन आल्यापासून मैद्याचाच डबा. परातीला पीठ चिकटू नये म्हणून हात उजवीकडं जायचा आणि मैदा भुरभुरायचा. त्या दिवशीही सिताबाईंनी ज्वारी निवडून घेतली, हिंग टाळला, भांडी घासून घेतली, आणि प्रत्येक भाकरीखाली हातानं सवयीनं मैदा टाकला. त्यांना ते दिसलंसुद्धा नाही.

"संपलं," रामहरी म्हणाले. "त्या घरात हवेतसुदिक मैदा हाय. तिथं ह्यो जेवायचा न्हाय." कडूबाईंनाही यावर रीत सापडेना. आठवडाभर गल्लीत शंभूचं हसू ऐकू आलं नाही. मोटारसायकल नुसतीच यायची आणि जायची. सुगत म्हणाला, "पोट कवाच बरं झालंय त्येचं. दुसरंच दुखतंय."

पुढच्या सोमवारी दळणाच्या वेळी सुगत गिरणीसमोर उभा होता. एसटी थांबली आणि तीतून आधी उतरली एक काठवट. भाकरी थापायची ती लाकडी, रुंद काठवट, नवीकोरी, बाभळीची. तिच्याखाली बलभीम होते. दोन्ही हातांनी ती डोक्यावर धरून वाशीहून, वाटेत गाड्या बदलत आले होते. मागं नवा तवा घेऊन सिताबाई, आणि उलथनं घेऊन अर्पिता. वाटेत कंडक्टरनं काठवटीचं तिकीट काढायचं का विचारलं, तर अर्पिता म्हणाली होती, "अर्धं काढा. लहान हाय अजून, हिच्यात पीठ पडलेलं न्हाय."

मी पोचलो तोवर रामहरींचं अंगण भरलं होतं. बलभीमांनी काठवट मधोमध ठेवली.

"हिच्यात गहू पडला न्हाय आन पडनार न्हाय," ते म्हणाले. "माडीवर दुसरी चूल मांडलीय. बेकरीचे कपडे घालून कुनी वर जायचं न्हाय. म्याबी न्हाय. पोरीनं तसा कायदाच केलाय."

"ते ठीक हाय," रामहरी अवघडून म्हणाले. "पन हे सगळं हितं कशाला आनलंत?"

उत्तर सिताबाईंनी दिलं. त्या शंभूच्या आईकडं वळल्या. "ताई, माझा हात चुकलाय. तुमच्या पिठाची, तुमच्यासमोर थापू द्या. उजवीकडं काय ठिवायचं ते तुमीच ठिवा."

शंभूच्या आईनं चुलीपुढं जागा केली आणि काठवटीच्या उजव्या हाताला ज्वारीच्या पिठाचा डबा सरकवला. नुकतंच दळून आणलेलं, अजून कोमट पीठ होतं. सिताबाई थापायला बसल्या. दरवेळी हात उजवीकडं गेला की अंगणातल्या सगळ्या बायकांच्या माना उजवीकडं वळत. भाकरी फुगली. शंभूनं ती खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी.

आणि मग सगळी गल्ली त्याच्या पोटाकडं बघत बसली. कुणी उठेना. तेरखेड्याहून कडूबाईंचा फोन सारखा येत होता.

"काय झालं का?"

"काय न्हाय," सुगत म्हणायचा.

"म्हंजी काय झालं?"

"म्हंजी काय झालं न्हाय, आत्या."

"मग असं सांग की नीट."

ऊन कलेपर्यंत शंभू जागचा हलला नाही. मग एकदम उठला. अंगणात सगळे दचकले. शंभूची आई उभी राहिली. "पानी प्यायला जातोय," तो म्हणाला, आणि त्याचं ते जुनं हसू फुटलं. ते ऐकून बलभीमांनी टोपीनं तोंड पुसलं. मग त्यांनी स्वतःच काठवटीवरची भाकरी घेतली, तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सर्वांसमक्ष खाल्ला.

"आता आमीबी तुमचं अन्न खाल्लं," ते म्हणाले. "कडूबाईंना कळवा."

रामहरींनी साखर मागवली.

लग्न वाशीत झालं. पाहुण्यांना पुरी-जिलेबी, आणि शंभूसाठी माडीवरच्या चुलीवर भाकरी-पिठलं. पण लग्नात भाकरी मिळतेय ही खबर मांडवात फुटली. आमच्या लोकांना काय झालं कोण जाणे, पुऱ्या तशाच राहिल्या आणि माडीच्या जिन्यावर रांग लागली. नवरदेव जेवायला वर गेला तेव्हा नुसती काठवट शिल्लक. सुगतच्याही हातात भाकरी होती. तो जिन्याच्या कोपऱ्यात तोंड फिरवून खात होता. शेवटी शंभूनं गाडीतून डबा मागवला, आणि मुंडावळ्या मागं सारून नवरा-नवरीनं त्यातलं खाल्लं. अर्पितानं भाकरी मोडायच्या आधी सवयीप्रमाणे कानाजवळ नेली.

आता ती दोघं माकणीतच राहतात. कडक भाकऱ्या अर्पिता भाजते, आवाज ऐकून उतरवते. सोमवारी गिरणीत पहिलं दळण त्यांचंच असतं. डबा अजून आहे. भूमला, बीडला, गुलबर्ग्याला जाताना तो गाडीच्या मागं बांधलेला दिसतो. वाशीला जाताना शंभू तो घरी ठेवतो.